पालथा घातलेला फोन

आसरूजी विहिरीत पडले तेव्हा माझा फोन त्यांच्या हातात होता, आणि त्या फोनवरून मध्यस्थ वकीलबाई विचारत होत्या, "आसरूजी, तुमचा कॅमेरा असा खाली का चाललाय?"

कॅमेरा खाली चालला होता कारण आसरूजी खाली चालले होते.

मी आणि पारबता वीस पावलांवर निंबाखाली बसलो होतो. पारबता म्हणजे आसरूजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. विहीर दोघांची सामाईक, आणि भांडणही त्या विहिरीचंच. आम्ही कठड्यापाशी धावलो. खाली आसरूजी मोटरच्या पाइपाला मिठी मारून गळ्यापर्यंत पाण्यात होते. टोपी बाजूला तरंगत होती. फोन तळाला गेला होता. माणूस सत्तरी ओलांडलेला, गुडघे कामातून गेलेले, आणि पाइपाला शेवाळ.

"मावशी," पारबता मला म्हणाली, "बारा वाजता लाइन येते. मोटर ऑटोवर हाय. त्याईले विचारा, पेटीची चाबी कोठी हाय."

लाइन म्हणजे शेतीची वीज. त्या आठवड्यात ती दुपारी बाराला येत होती. आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. मोटरची वायर जागोजागी चिकटपट्ट्या लावून पाण्यात सोडलेली होती आणि आता ती आसरूजींच्या काखेतून जात होती. बाराला दहा मिनिटं कमी होती. फ्यूज काढणं भाग होतं, आणि फ्यूजच्या पेटीला आसरूजींनी कुलूप घातलं होतं. पारबतानं पेटीला हात लावू नये म्हणूनच घातलं होतं.

मी खाली ओरडले, "पेटीची चाबी कोठी हाय?"

"करदोट्याले!"

म्हणजे चावी त्यांच्याबरोबर विहिरीत. पारबतानं दगड उचलला. पहिला घाव बसल्याचा आवाज खाली गेला.

"काय करून राह्यली ती?"

"कुलूप तोडते."

"तिले सांग, कुलूप तोडलं त केस करीन म्हना!"

"पैले वर या," मी म्हटलं, "मंग करा."

इथं थोडं थांबून आमचं काम काय ते सांगते, नाहीतर ही म्हातारी विहिरीच्या काठावर फोन घेऊन काय करत होती ते तुम्हाला कळायचं नाही. आसरूजींना तोवर पाइप धरू द्या.

मी विधी स्वयंसेवक आहे. शिक्षण चौथी. कायद्याचं पुस्तक वाचलेलं नाही, वाचायची इच्छाही नाही. गावात कायद्याचं शिबिर झालं, तेव्हा साहेबांनी विचारलं, सही येणारी आणि कोणाला न भिणारी एखादी बाई आहे का. सगळ्या बायांनी मला पुढं ढकललं. त्यात माझा मान कमी आणि त्यांचा डाव जास्त होता. मी कोर्टाच्या कामाला लागले की गावाला तेवढीच उसंत.

कोर्टात न्यायाधीश निकाल देतो. एक जिंकतो, दुसरा अपिलात जातो, दोघं म्हातारे होतात. मध्यस्थीत निकाल कोणी देत नाही. न्यायाधीशाला वाटलं की हे भांडण बोलून मिटेल, तर तो ते मध्यस्थाकडे पाठवतो. मध्यस्थ हा बहुतेक वेळा वकीलच असतो, पण त्या दिवशी तो कोणाच्याच बाजूचा नसतो. पुष्कळ वकिलांना हे जन्मात जमत नाही. तो आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळं बसवतो. वेगळ्या बैठकीत माणूस जे पोटातलं बोलतो ते समोरच्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. या कामाचा सगळा जीव त्यात आहे. जमलं तर कागद होतो, नाही जमलं तर पुन्हा तारीख.

हल्ली या बैठका फोनवर होतात. घरबसल्या न्याय, असं फलकावर लिहितात. ज्याच्या घरात रेंज आहे त्याला घरबसल्या. बाकीच्यांसाठी मी. मी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन गावात जाते, रेंज कुठं आहे ते शोधते, तिथं माणसाला बसवते आणि फोन धरते. रेंज कधी देवळाच्या पायरीवर असते, कधी उकिरड्यावर. उकिरड्यावरही मी दोन भांडणं मिटवली आहेत, तिथं लोक आटोपतं घेतात.

जऊळक्याकडच्या एका बुढ्यानं पाऊण तास फोन कानाला लावून ठेवला. मध्यस्थ साहेबांनी तेवढा वेळ त्याचा कान पाहिला. मी म्हटलं, "बुवा, फोन समोर धरा, साहेबाले तोंड दिसलं पायजे." तो म्हणाला, "तोंड समोर केलं त मंग आयकू कायनं?" त्याचं त्याच्या परीनं बरोबर होतं. साहेब म्हणाले, असू द्या, कान प्रामाणिक दिसतो.

सगळंच हसण्यासारखं नाही. कामरगावच्या बाजूला एका सुनेनं फोनवर तीनदा सांगितलं, मला नवऱ्याकडे जायचं आहे, माझी तक्रार नाही. हसून सांगितलं. आम्ही कागद केला, सगळे खूश. दोन महिन्यांनी ती सुजलेल्या तोंडानं माहेरी आली तेव्हा कळलं की फोनच्या मागं सासू उभी होती. फोन पुढचं दाखवतो, मागचं नाही. त्या दिवशी मी दारात शेजारणीशी बोलत बसले होते. तेव्हापासून बैठक सुरू व्हायच्या आधी मी फोन खोलीभर फिरवते, बाजेखालीही दाखवते. लोक चिडतात. चिडू द्या. त्या पोरीचं मला आजही वाईट वाटतं, पण वाईट वाटून तिचा दात परत येत नाही.

आता विहिरीचं. मध्यस्थीतलं बाहेर सांगायचं नसतं. पण दोघांनी मला लिहायची परवानगी दिली आहे आणि मी नावं बदलली आहेत. गाव किन्हीराजाच्या पलीकडचं, एवढंच सांगते.

विहीर सासऱ्यांनी खोदलेली, सातबाऱ्यावर दोघा भावांची. धाकटा भाऊ होता तोवर पाणी दोघांनी घेतलं. तो गेल्यावर आसरूजी म्हणाले, मोटर माझी, मीटर माझं, पाणी माझं. पारबताच्या वाट्याला दोन एकर आणि त्यात संत्र्याची एकशे वीस झाडं. नवऱ्यानं हातानं लावलेली. पावसाळा-हिवाळा ती शेजारच्याकडून उसनं पाणी घेऊन भागवायची. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर आटली. चैत्रातच झाडांची पानं वळायला लागली. झाडं गेली तर पारबताला दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाण्यावाचून गती नव्हती. मुलगा नाही, एक मुलगी आहे ती सासरी. कोर्टात दावा होता, तारखा पडत होत्या. झाडांना तारीख कळत नाही.

न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. पहिली बैठक तालुक्याला, कोर्टाच्या खोलीत झाली. आसरूजी आले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. पारबतानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि कपाटाकडे तोंड करून बसली. वकीलबाई दोघांच्या पाठींशी अर्धा तास बोलल्या. पारबता एक अक्षर बोलली नाही. वकीलबाईंनी मला हळूच विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

मी सांगितलं, कान शाबूत आहेत, पण तो तिचा भासरा आहे. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे जुन्या घरांत भावजय भासऱ्याशी बोलत नाही, समोर उभी राहत नाही, चुकून स्पर्श झाला तर दोघांनी आंघोळ करायची. निरोप द्यायचा तर मधे तिसरं माणूस लागतं, माणूस नसेल तर भिंतीला सांगायचं. हा रिवाज कोणी काढला ते मला माहीत नाही, पण त्याची विहीर सामाईक नसावी.

वकीलबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, मग आपण फोनवर घेऊ, दोघं दोन ठिकाणी बसतील, कोणाला कोणाचं तोंड दिसायला नको. मला ते एकदम पटलं. आता वाटतं, मला नको तितकं पटलं.

घरी दोघांच्याही रेंज नव्हती. शेतात होती. म्हणून पारबताला मी विहिरीजवळच्या निंबाखाली बसवलं, तिच्या मुलीचा जुना फोन देऊन. आसरूजींना पलीकडे त्यांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बाजेवर बसवलं, माझा फोन देऊन. मधे दोनशे पावलं. ती दोनशे पावलं मी त्या सकाळी किती वेळा चालले ते माझ्या टाचांना विचारा.

एकत्र बैठकीत आसरूजी पुष्कळ बोलले, पारबता नाही. फोनमधून भासऱ्याचा आवाज आला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. वकीलबाई म्हणाल्या, "कौसाबाई, आता मी ताईंशी एकटीशी बोलते. आसरूजींचा फोन बंद करा."

मी कोठ्यात गेले. लाल बटण मला ठाऊक आहे, शेकडो वेळा दाबलं आहे. त्या दिवशी माझी बोटं भेगाळलेली, दोनदा दाबलं, ते मानेना. मग मी फोनच्या कडेचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळा झाला म्हणजे बंद झाला, अशी माझी समजूत. फोन बाजेवर पालथा घातला, आसरूजींना म्हटलं, "पडून राहा थोडे, मी बलावते," आणि आले.

वकीलबाईंनी विचारलं, "ते गेले ना? मला इथं एक काळा चौकोन दिसतोय."

मी म्हटलं, "गेले. इकडचं नेटवर्कच तसं हाय मॅडम, गेलेला मानूस थोडा वेळ दिसत राह्यते."

हे मी इतक्या खात्रीनं सांगितलं की शिकलेल्या बाईनं मानलं.

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, आता आपण दोघीच आहोत. मनातलं बोला." आणि पारबता बोलायला लागली. आधी मातीकडे पाहत, मग फोनकडे पाहत, मग कमरेवर हात ठेवून.

"बत्तीस वर्सं झाले लगन होऊन. एक सबद बोलली नाई मी त्याईच्यासंग. पानी बंद केलं तवाही नाई बोलली. कशी बोलू? पदर घ्या, बाजूले व्हा. बाजूले होता होता वावराच्या बाहेर व्हायची पाळी आली माही. मोटर माही म्हनतात. माह्या पाटल्या मोडून आनली ती मोटर माह्या मालकानं. भावाले सांगे सोयाबीन इकलं म्हून. बायकोच्या पाटल्या मोडल्या म्हनाची लाज वाटे त्याले. भाऊ मेला त हे रडले नाई. तेरवी झाली अन् कुलूप आनलं. आन् घोरतात असे मॅडम, का बैल दावं तोडते."

वकीलबाई हसल्या, पण कामाचं विसरल्या नाहीत. "तुम्हाला नेमकं काय मिळालं म्हणजे चालेल?"

"हप्त्यातून दोन दिवस पानी भेटलं तरी झाडं जगतात. पन त्याईले सांगू नका. तुमी चार मांगा."

तेवढ्यात कोठ्याकडून डरकाळी आली. माझा फोन हातात धरून आसरूजी लंगडत बांधावरून येत होते. सगळं ऐकलं होतं. घोरण्यासकट.

"खोटी हाय! सोयाबीनच इकलं होतं! कौसाबाई, तिले सांग, माहा भाऊ खोटं बोलत नव्हता माह्यासंग!"

भासरा समोर आल्याबरोबर पारबतानं पदर ओढला आणि निंबाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या फोनवर लाल बटण शोधत होते. त्यामुळे ते कठड्याशी गेले ते आम्ही दोघींनीही पाहिलं नाही. कठड्याची ती बाजू ढासळलेली आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, दुरुस्ती कोणी करायची यावरही दाव्यात एक कलम होतं. "कौसाबाई, ये, पाह्य या मोटरकडे," एवढं त्यांचं ऐकू आलं, मग दगड गेले, मग ते गेले.

तर आता पुन्हा काठावर.

तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. पारबतानं तिन्ही फ्यूज उपसून ओटीत टाकले. वर पारबताच्या फोनमधून वकीलबाई ओरडत होत्या, "हॅलो, कौसाबाई, काय चाललंय? बैठक थांबवू का?"

"थांबवा. मानूस विहिरीत पडला."

"कोणत्या पक्षाचा?"

काही म्हणा, वकील तो वकील. पण पुढच्या क्षणी बाई जाग्या झाल्या. फाइलमधून पोलीस पाटलांचा नंबर काढून त्यांनी तिकडून फोन लावला आणि माणसं पाठवली. माझ्या ओरडण्यानं जे झालं नसतं ते त्यांनी जिल्ह्याच्या गावी बसून केलं. ऑनलाइनचा एवढा एक फायदा मी छातीठोक सांगते.

कोठ्यातला बल्ब लागला. "लाइन आली!" मी खाली ओरडले.

खालून आसरूजींनी विचारलं, "फ्यूज काढला काय?" तिले विचार, असं म्हणाले नाहीत.

"काढला," पारबता म्हणाली.

बत्तीस वर्षांतलं हे त्या दोघांचं पहिलं बोलणं. माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही.

आम्ही दोर सोडला. पण दोर धरायला पाइप सोडावा लागतो आणि आसरूजी तो सोडेनात. शेवाळावरून त्यांचे हात घसरायला लागले. एकदा हनुवटी पाण्याखाली गेली आणि खोकत वर आली. माणसं यायला अजून वेळ होता. पारबतानं पदर खोचला, कासोटा आवळला आणि विहिरीच्या आतल्या लोखंडी कड्यांवरून उतरली. पाण्याच्या हातभर वर एक दगडी टप्पा होता, त्यावर उकिडवी बसली आणि हात पुढं केला.

"हात द्या."

आसरूजींनी वर माझ्याकडे पाहिलं. "कौसाबाई, तिले सांग, अंगाले हात लागन म्हना तिचा."

"आसरूजी," मी म्हटलं, "मी आता कोनाले काई सांगत नाई. माहा घसा बसला."

मध्यस्थानं कधी बाजूला व्हायचं हे शिकवलेलं असतं. मला ते तेव्हा आठवलं असं म्हणणार नाही. माझा घसा खरंच बसला होता.

"पाय कडीवर ठेवा," पारबता त्यांना म्हणाली. "तो नाई. दुसरा."

त्यांनी दुसरा ठेवला. तिनं आधी मनगट धरलं, मग धोतराची गाठ धरली आणि वासरू ओढावं तसं त्यांना टप्प्यावर ओढून घेतलं. दोघं शेजारी शेजारी बसले, ओले, धापा टाकत. खालचा टप्पा इतका अरुंद की सरकायला जागा नाही. मी वर पालथी पडून पाहत होते. मग आसरूजी समोरच्या दगडांना म्हणाले, "दोन दिवस म्हनत होती तू फोनवर."

"आता तीन," पारबता म्हणाली.

"बरं बाप्पा. तीन."

माणसं आली, बाजेला दोर बांधून दोघांना एकामागून एक वर काढलं. आसरूजींची नडगी सोलवटली होती, बाकी धड. मी मनात म्हटलं, कौसाबाई, असं प्रकरण जिल्ह्यात कोणी मिटवलं नसेल. संध्याकाळी घरी जाऊन मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी आसरूजींनी निरोप पाठवला: विहिरीतलं बोलणं विहिरीत. आपल्याला काही मान्य नाही.

वकीलबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "कौसाबाई, पाण्यात बुडणाऱ्या माणसाची संमती ही संमती नसते. आणि त्याच्या आधीचं तर त्याहून वाईट. ताईंनी मला एकटीला सांगितलं ते समोरच्यानं ऐकलं. ही बैठक धरता येणार नाही." त्यांनी दोन्ही बाजूंना खरं काय ते कळवलं, स्वतः बाजूला झाल्या आणि दुसरा मध्यस्थ मागितला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. त्या बरोबरला तीन आठवडे लागले.

ते तीन आठवडे मे महिन्यातले होते. मी पारबताला सांगायला गेले, फोनची चूक माझी होती. ती हापशीवरून पाण्याच्या दोन गुंड्या, म्हणजे कळश्या, भरून वावरात चालली होती. एकशे वीस झाडं आणि दोन गुंड्या. "सांगून काय करता मावशी," ती म्हणाली, "धरा एक." मी धरली. माझ्या वयाला पाच खेपा झाल्या. ती किती करत होती ते मी मोजलं नाही. तिनं पेटीचे फ्यूज परत नेऊन आसरूजींच्या ओट्यावर ठेवले होते, कुलुपाच्या तुकड्यांसकट. ते त्यांनी परत बसवले; पेटी बिनकुलपाची उघडीच होती, पण तिनं हात लावला नाही. मी म्हटलं, लाव की मोटर, कोण पाहते. ती म्हणाली, "चोरून घेतलं त मंग कोर्टात काय सांगू?" मला लाज वाटली, फार नाही, थोडी.

तिसऱ्या आठवड्यात नवी बैठक झाली. मध्यस्थ एक निवृत्त साहेब, बोलणं कमी. या वेळी मी आसरूजींना त्यांच्या लेकाच्या गाडीवर थेट तालुक्याला, कोर्टाच्या खोलीत पाठवलं आणि पारबताला निंबाखाली फोनवर ठेवलं. विहिरीकडे पाठ करून. माझा फोन नव्हता, असता तरी दिला नसता.

साहेबांनी विचारलं, कोणाला काय म्हणायचं आहे. आसरूजी खिडकीकडे पाहत म्हणाले, "तिले इचारा, पाटल्या खरंच मोडल्या होत्या का."

साहेबांना काही कळेना. निंबाखालून फोनवर उत्तर गेलं, "हो. लग्नातल्या. चार तोळ्याच्या."

आसरूजी खिडकीकडून साहेबांकडे वळले, असं साहेबांनी नंतर सांगितलं. मग म्हणाले, "लिवा. तीन दिवस." त्यांनी अटही घातली: फ्यूजची पेटी तिनं उघडायची नाही, तिच्या वाट्याच्या दिवशी तेच मोटर सुरू करून देतील. पारबता म्हणाली, नाही, चाव्या दोन करायच्या, एक तिच्याकडे. त्यावर दीड तास गेला. पाण्याला पाच मिनिटं, चावीला दीड तास. शेवटी दोन चाव्या ठरल्या. कठडा दोघांनी अर्धा अर्धा बांधायचा ठरला. आसरूजींनी सही केली, पारबतानं नंतर अंगठा दिला, कोर्टानं शिक्का मारला.

आसरूजींनी का मान्य केलं ते मला माहीत नाही. भावाची लाज वाटली असेल, गावात चेष्टा होत होती तिचा कंटाळा आला असेल. सोसायटीच्या ओट्यावरचे लोक त्यांना विचारायचे, आंघोळ केली का जी दोघांनी? या कामात का हे विचारायचं नसतं. काय ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

मला ऑफिसनं काढलं नाही. पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. दोन दिवस, फोन कसा बंद करायचा यावर. तिथं माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या, म्हणजे पालथा घालणारी मी एकटी नव्हते.

हे लिहायची परवानगी मागायला मी आसरूजींकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "लिवा. पन मी सोता वर आलो असं लिवा."

मी म्हटलं, "तसं नाई लिवत."

"मंग तिनं हात धरला ते लिवू नका."

"मंग तुमी मेले असं लिवावं लागन."

त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बरं, लिवा." पारबतानं काहीच अट घातली नाही. तिनं विचारलं, हे ज्या अंकात छापून येणार त्यात स्वयंपाकाचं काही येतं का.

पाणी सुटलं ते मेच्या शेवटी. त्या तीन आठवड्यांत बागेची वरची बाजू गेली होती, तिकडे गुंड्या पोचत नव्हत्या. माझ्या बोटानं लाल बटण नीट दाबलं असतं तर पहिल्या बैठकीतच काही ठरलं असतं की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मी सांगू शकते, आणि ठरलं असतं.

आसरूजी आहेत. पारबता आहे. दोघं बांधावर समोरासमोर आले तर ती पदर घेते आणि ते खाकरून बाजूला होतात, बोलत नाहीत. झाडं एकशे वीस होती. एकोणनव्वद जगली.